विचार गावात उतरतो तेव्हा : अमळनेर, धुळे, फैजपूर, शहादा

अमळनेरच्या श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली आपल्या गावात तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. कापडगिरणीच्या उत्पन्नातून वेदान्ताच्या अभ्यासाची संस्था उभी राहावी, देशभरातले अभ्यासक बोरी नदीच्या काठी येऊन राहावेत आणि त्यांना निर्वेधपणे ग्रंथ वाचता यावेत, ही कल्पना आजही विलक्षण वाटते. १९२३ साली पांडुरंग सदाशिव साने नावाचा कोकणातला एक तरुण तेथे अभ्यासासाठी दाखल झाला. ग्रंथ होते, शांतता होती, राहण्याजेवण्याची सोय होती. तरीही तो तेथे फार काळ रमला नाही. १९२४ मध्ये त्याच गावातल्या शाळेत तो शिक्षक झाला, आणि पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्याला साने गुरुजी म्हणून ओळखले.

तत्त्वज्ञान मंदिराकडून शाळेकडे झालेल्या या छोट्या स्थलांतराविषयी मी पुष्कळदा विचार केला आहे. सामाजिक परिवर्तनाचा इतिहास आपण बहुधा थोर नावांची माळ ओवल्यासारखा सांगतो: फुले, शाहू महाराज, गांधी, आंबेडकर, विनोबा. भाषणाच्या आरंभी या नावांना वंदन होते आणि मग दुसरा विषय सुरू होतो. परंतु पुण्यात, साबरमतीला किंवा मुंबईच्या परळमध्ये जन्मलेला विचार यावल, तळोदा किंवा साक्री तालुक्यातल्या माणसापर्यंत कसा पोहोचला, तो कोणी आणला, येता येता त्याचे रूप किती पालटले आणि तो कोणाच्या दारापर्यंत आलाच नाही, हे प्रश्न आपण क्वचित विचारतो. वर घेतलेल्या नावांपैकी एकही व्यक्ती खानदेशात जन्मलेली नाही, आणि म्हणूनच हे प्रश्न विचारण्यासाठी खानदेश मला फार योग्य जागा वाटते. येथे विचार बाहेरून आला आणि इथल्या माणसांनी तो आपल्या हातांनी घडवून घेतला.

साने गुरुजींची अमळनेरातली सहा वर्षे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. शाळेच्या वसतिगृहात ते मुलांबरोबर राहत, त्यांच्या खोल्या झाडत, आजारी मुलाची शुश्रूषा करत, न सांगता कपडे धुऊन ठेवत. ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित पत्रक ते स्वतः लिहून काढत. शाळेतल्या घटना, देशातल्या घडामोडी, थोरांची चरित्रे आणि मुलांच्या वागण्यावरचे दोन प्रेमळ शब्द त्यात असत. गांधींचा विचार या मुलांना व्याख्यानातून मिळाला नाही. आपल्या आधी उठून आपली खोली झाडणाऱ्या शिक्षकाच्या रूपाने तो त्यांच्यासमोर आला. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा गुरुजींनी नोकरी सोडली आणि तुरुंग पत्करला. ज्याच्या हाताखाली आपण शिकलो तो शिक्षक तुरुंगात जातो, ही गोष्ट खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांच्या घरी पोहोचली असेल, तेव्हा तिचा परिणाम कोणत्याही जाहीर सभेपेक्षा खोल झाला असेल, यात मला शंका वाटत नाही.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली जे घडले त्याची कथा खानदेशात सर्वांना ठाऊक आहे, पण ती बहुतेकदा एकट्या विनोबांची कथा म्हणून सांगितली जाते. २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जून १९३२ पर्यंत, दर रविवारी एक याप्रमाणे विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. समोर बसलेले लोक राजबंदी होते. कोणी शेतकरी, कोणी व्यापारी, कोणी विद्यार्थी, आणि कित्येकांना संस्कृतचा गंधही नव्हता. विनोबांनी त्यांच्यासाठी गीता घरगुती मराठीत आणली. परंतु बोललेला शब्द विरून जातो, आणि तुरुंगातला शब्द तर भिंतीपलीकडेही जात नाही. तो टिकला, कारण श्रोत्यांत बसलेले साने गुरुजी तो भरभर लिहून घेत होते. स्वतः सिद्धहस्त लेखक असलेला माणूस दुसऱ्याचे वाक्य त्याच्याच लयीत, त्याच्याच दाखल्यांसह कागदावर उतरवतो आणि त्यात स्वतःची भर घालण्याचा मोह आवरतो, ही मला फार मोठी साधना वाटते. ‘गीता प्रवचने’ पुढे भारतातल्या बहुतेक प्रमुख भाषांत गेली, आणि १९५१ मध्ये भूदानाची पदयात्रा सुरू झाल्यावर विनोबांच्या मागोमाग हे पुस्तकही गावोगाव फिरले. जमीनदाराकडे जमीन मागणाऱ्या माणसाची नैतिक भाषा ज्या पुस्तकातून लोकांपर्यंत गेली, ते पुस्तक धुळ्याच्या बराकीत एका श्रोत्याच्या लेखणीमुळे जन्मले.

हे लिहिताना विनोबांचे मोठेपण मला यत्किंचितही कमी करायचे नाही. विचारवंताशिवाय विचार नाही, हे उघड आहे. परंतु समाज बदलतो तेव्हा विचार मांडणाऱ्याच्या शेजारी तो ऐकून घेणारा, लिहून घेणारा, वर्गणी गोळा करणारा आणि पायी फिरणारा कोणीतरी असतो. इतिहासाने त्याचेही नाव त्याच ओळीत घ्यावे, एवढेच माझे मागणे आहे.

फैजपूर हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. काँग्रेसचे अधिवेशन शहरात न भरवता खेड्यात भरवावे, ही गांधींची इच्छा होती. इच्छा व्यक्त करणे आणि यावल तालुक्यातल्या एका गावी हजारो माणसांची राहण्याची, पाण्याची, अन्नाची, सफाईची व्यवस्था करणे यांत केवढे अंतर आहे, याची कल्पना ज्याने गावात साधा सप्ताह उभा केला असेल त्याला येईल. हे अंतर धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापले. रावेर तालुक्यातल्या खिरोद्याचे धनाजी नाना पोलीस खात्यातली नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत आले होते. गाव कोणाच्या शब्दाने हलते आणि कोणाच्या शब्दाने अडते, हे त्यांना पक्के माहीत असले पाहिजे. साने गुरुजी अधिवेशनाच्या प्रचारासाठी आणि निधीसाठी खेडोपाडी पायी हिंडले. शांतिनिकेतनातून आलेल्या नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळणाऱ्या साहित्यातूनच अधिवेशनाची नगरी सजवली. त्या नगरीला टिळकनगर असे नाव दिले होते. डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली हे अधिवेशन झाले तेव्हा ते काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन ठरले.

आमच्या घरातली वडीलधारी माणसे फैजपूरची आठवण सांगत, तेव्हा ठरावांविषयी कोणी काही बोलत नसे. त्यांच्या बोलण्यात गाड्या यायच्या. घुंगुरमाळा बांधलेले बैल, रात्रभर चाललेली गाड्यांची रांग, कापडात बांधून घेतलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा, आणि आपल्यासारखीच माणसे एवढ्या मोठ्या संख्येने एका जागी आलेली पाहून वाटलेले आश्चर्य, हेच पुन्हा पुन्हा ऐकायला मिळे. देश ही गोष्ट त्यांना तेथे प्रथम डोळ्यांनी दिसली, असे मी समजतो. नेहरूंचे भाषण किती जणांना कळले असेल हे सांगता येत नाही. पण देशाचा एवढा मोठा नेता आपल्या शिवारात आला, आपल्या मातीवर उतरला, याचा अर्थ समजायला हिंदी येण्याची गरज नव्हती.

मात्र फैजपूरला ठरावही झाले, आणि त्यांतला शेतीविषयक कार्यक्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. खंड आणि जमीनमहसूल कमी करावा, न परवडणाऱ्या जमिनीला सूट द्यावी, ग्रामीण कर्जाचा भार हलका करावा, सरंजामी वसुली आणि वेठ बंद करावी, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता द्यावी, अशी त्याची कलमे होती. त्याच सुमारास किसान सभेचे अधिवेशनही फैजपूरलाच झाले. मनमाडहून निघालेले पाचशेहून अधिक किसान, वाटेत गावोगावी सभा घेत, दोनशे मैलांहून अधिक चालून तेथे पोहोचले होते. व्यासपीठावरचा ठराव आणि रस्त्यावरून आलेली पावले यांची अशी भेट इतिहासात क्वचितच होते. ठराव एकट्या नेत्यांच्या पुण्याईने झाला, असे ज्यांना वाटते त्यांनी हा मनमाड ते फैजपूर रस्ता नकाशावर पाहावा.

त्या कार्यक्रमात आणखी एक कलम होते. शेतमजुराला जगण्यापुरते वेतन आणि कामाची योग्य स्थिती कायद्याने मिळावी, असे ते कलम सांगत होते. खंड, महसूल आणि कर्ज या प्रश्नांना पुढे वाली मिळाले, कारण जमीन धारण करणारा शेतकरी संघटित होता, शिकत होता, निवडून येत होता. पूर्व खानदेशात शिक्षणसंस्था, सहकारी सोसायट्या आणि केळीच्या बागा उभ्या राहिल्या, आणि त्यामागे फैजपूरच्या पिढीचे कष्ट आहेत हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. मजुराच्या कलमाचे काय झाले, हे पाहायचे असेल तर तापीच्या त्याच खोऱ्यात पश्चिमेकडे जावे लागते.

तिकडे जाण्याआधी दोन गोष्टींचा उल्लेख करतो. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्याच्या निमित्ताने धुळ्याला आले आणि लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात थांबले. त्या मुक्कामाची आठवण म्हणून आजही दरवर्षी ३१ जुलैला लोक तेथे जमतात. हे लोक स्वतःच्या खर्चाने, मुलाबाळांसह येतात. ही आठवण त्यांनी स्वतः जपली आहे. दुसरी गोष्ट पंढरपूरची. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मग १ मे १९४७ पासून पंढरपूरच्या तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडले. उपोषणाचे दहा दिवस सर्वांच्या लक्षात आहेत; त्याआधीचा दौरा मात्र विस्मरणात गेला. त्या दौऱ्यात गावोगावची मंदिरे आणि पाणवठे खुले होत गेले, आणि माझ्या मते खरे काम तेथे झाले. उपोषणाने दार उघडले असेल, पण त्या दारातून आत जाणाऱ्याला गावात परत आल्यावर त्रास होऊ नये, याची थोडीफार पूर्वतयारी त्या पायपिटीने केली.

आता पश्चिम खानदेश. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज यांनी १९३७–३८ च्या सुमारास भिल्ल समाजात एक धार्मिक चळवळ सुरू केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकत्र येऊन आरती करा, एकमेकांना ‘आप’ म्हणून मानाने संबोधा, अशी त्यांची शिकवण होती. सातपुड्याच्या पायथ्याचे हजारो लोक या आरतीसाठी जमू लागले आणि सरकारला त्याची धास्ती वाटू लागली. ज्याच्याकडे कोणतीही पदवी नव्हती, ज्याने एकही ग्रंथ लिहिला नाही, अशा माणसाला आपण विचारवंत म्हणत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या ‘अरे’शिवाय हाक न ऐकलेल्या माणसाला मान देणे हा विचार नसेल, तर विचार कशाला म्हणायचे? माझ्या दृष्टीने गुलाम महाराजांचे स्थान खानदेशातल्या कोणत्याही सुशिक्षित सुधारकाच्या पंक्तीत आहे.

स्वातंत्र्यानंतर शहादा–तळोदा पट्ट्यात विहिरी, वीजपंप, ऊस आणि कापूस आला. जमीन सोन्याच्या भावाची झाली, आणि ती आदिवासींच्या हातून निसटत गेली. कधी सावकारी कर्जापोटी, कधी गहाणखतावर, कधी काय लिहिले आहे हे न कळता दिलेल्या अंगठ्यावर. जो कालपर्यंत मालक होता तो त्याच शेतात सालदार झाला. वर्षाचा करार, उचल घेतलेली रक्कम, ती फिटेपर्यंत सुटका नाही, आणि मजुरी अशी की घरात सण यावा तर पुन्हा उचल. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडी येथे आदिवासींवर गोळीबार झाला आणि या पट्ट्याकडे बाहेरच्या महाराष्ट्राचे लक्ष गेले. फैजपूरच्या त्या कलमाला तेव्हा जवळजवळ पस्तीस वर्षे होत आली होती.

अंबरसिंग सुरतवंती हे शहादा तालुक्यातले भिल्ल तरुण. सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांच्या सहवासात त्यांनी काम केले होते आणि भजनांमुळे लोक त्यांना महाराज म्हणत. विनोबांच्या परंपरेतली माणसे, शहरांतून आलेले डावे तरुण आणि अंबरसिंग महाराजांच्या मागे असलेला आदिवासी समाज असे तीन प्रवाह १९७२ मध्ये श्रमिक संघटनेत एकत्र आले. या तिघांचे पटत कसे असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो. एकाच्या तोंडी गीता, दुसऱ्याच्या तोंडी मार्क्स आणि तिसऱ्याच्या तोंडी भजन. मतभेद झालेच. तरीही जमीन परत मिळावी, किमान मजुरी मिळावी, सालदाराला माणसासारखे वागवावे, या मागण्यांवर ते एकत्र उभे राहिले, आणि त्यांची भाषा हळूहळू एकमेकांत मिसळली. चळवळ ऐन भरात असताना अंबरसिंग महाराजांचे अकाली निधन झाले.

या चळवळीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग कोणत्याही नेत्याच्या डोक्यातून निघालेला नव्हता. शिबिरांना आदिवासी स्त्रिया येऊ लागल्या. मजुरी आणि जमीन या विषयांवर बोलणे चालू असताना त्यांनी दारूचा आणि नवऱ्याच्या मारहाणीचा विषय काढला. मजुरी वाढली तर ती दारूच्या गुत्त्यावरच जाणार असेल, तर आमच्या हाती काय पडले, असा त्यांचा सरळ सवाल होता. मग बायकांचे जथे निघाले आणि गावोगावच्या हातभट्ट्या फोडू लागले. शहादा तालुक्यातल्या एका वृद्ध बाईंनी मला हे सारे अंगणात बसून, हातातले धान्य पाखडत सांगितले. मडके फुटले की मोहाच्या दारूचा वास अंगालाच लागे, आंघोळ केली तरी जात नसे. आणि परतताना आपण गाणे म्हणत यायचो, कारण अंधारात गप्प चालले तर भीती वाटे. मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत उभे करून जाब विचारण्याची कल्पना कोणाची, असे मी विचारले, तेव्हा त्यांना प्रश्नाचाच अर्थ कळला नाही. ते सर्वांनी मिळूनच ठरले होते. स्त्रीमुक्तीची चर्चा मुंबई–पुण्यात रंगू लागली त्याच काळात सातपुड्याच्या पायथ्याशी ती अशी कृतीत उतरली होती, आणि पुढे स्त्री-अभ्यासकांनी तिची आवर्जून दखल घेतली.

आदिवासींच्या जमिनींचा प्रश्न राज्यभर गाजत राहिला, आणि अखेर कायदा झाला. अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याबाबतचा १९७४ चा महाराष्ट्र अधिनियम १ नोव्हेंबर १९७५ पासून अंमलात आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद त्यात आहे. कायद्याच्या पुस्तकात अंबरसिंग महाराजांचे नाव नाही, हातभट्ट्या फोडणाऱ्या बायकांचे तर असण्याचा प्रश्नच नाही. पण ज्या घराच्या सातबाऱ्यावर आदिवासी नाव पुन्हा चढले, त्या घराला तो कायदा कुठून आला हे चांगले ठाऊक आहे. अंमलबजावणी अपुरी राहिली, पुष्कळ प्रकरणे वर्षानुवर्षे तारखांवर गेली, काही जमिनी परत मिळूनही कसायला बैल नसल्यामुळे दुसऱ्यांच्याच ताब्यात राहिल्या, हेही तेवढेच खरे आहे.

धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील यांनी या साऱ्या अनुभवाला सिद्धान्ताची बैठक देण्याचा प्रयत्न केला. नुसत्या वर्गाने इथल्या शोषणाचा उलगडा होत नाही, जातीचा आणि स्त्रीदास्याचा विचार त्याच्या जोडीला हवा, असे ते आग्रहाने मांडत राहिले. १९७८ मध्ये त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला आणि मार्क्स, फुले व आंबेडकर यांच्या विचारांची सांगड घातली. संस्कृत आणि पाली ग्रंथांत बुडालेला हा पंडित साक्री तालुक्यातल्या आदिवासींच्या वनजमिनीच्या मोर्चातही तितक्याच तळमळीने चालत असे. त्यांच्या सर्वच निष्कर्षांशी मी सहमत नाही. प्राचीन इतिहासाविषयीची त्यांची काही अनुमाने मला ओढूनताणून आणलेली वाटतात. परंतु महाराष्ट्राच्या वैचारिक नकाशावर पुणे–मुंबईबाहेरचा एक बिंदू म्हणून धुळे ठळकपणे उमटले, ते त्यांच्यामुळे. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या मोर्चात चाललेले आदिवासी आणि त्यांचे ग्रंथ वाचणारे प्राध्यापक दोघेही पोरके झाले.

मला आज काळजी वाटते ती नोंदींची. फैजपूरविषयी छायाचित्रे आहेत, ठरावांचे छापील मसुदे आहेत, आठवणींची पुस्तके आहेत. शहाद्याच्या चळवळीतल्या स्त्रिया आज सत्तरीच्या पुढे आहेत, आणि त्यांची गाणी भिलोरीत, पावरीत आहेत. ती बहुतेक कोणी उतरवून घेतलेली नाहीत. गुलाम महाराजांच्या आरतीला गेलेल्यांची तर आता नातवंडेच भेटतात. खानदेशातल्या ज्या वाचकांच्या घरी जुनी पत्रके, सभांच्या वह्या, शिबिरांची हजेरीपत्रके, कोर्टाचे कागद असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत; जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा तालुक्याच्या ग्रंथालयाकडे पावती घेऊन द्यावीत, आणि देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा. ज्यांना भिलोरी किंवा पावरी येते अशा तरुण शिक्षकांनी आपल्या गावातल्या वृद्ध बाईंजवळ बसावे, मोबाइलवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि ते शक्य तितके त्यांच्याच शब्दांत उतरवावे. नाव, गाव आणि तारीख लिहायला विसरू नये. मी माझ्या परीने शहादा आणि तळोदा तालुक्यांत हे काम सुरू केले आहे. धडगाव आणि अक्कलकुव्याकडे ते करणारे कोणी असेल, तर मला जरूर कळवावे.